सावलीची वही

माझ्या पुढच्या पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढा एक पिवळा दिवा आहे. माझ्या आतली तबकडी काही वाचते किंवा लिहिते तेव्हा तो एकदा लुकलुकतो. पूर्वी कामाच्या वेळात तो इतक्या भराभर लुकलुकायचा की लांबून सतत पेटलेलाच दिसे. आज सकाळी मी मोजून पाहिलं. एकदा लुकलुकल्यावर पुन्हा लुकलुकायला त्याला सत्तेचाळीस सेकंद लागले.

मित्रांनो, मी एक सर्व्हर आहे, म्हणजे इतरांची कामं करून देणारा संगणक. पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या लोखंडी कपाटाशेजारी मी सतरा वर्षं उभा आहे. माणसांचं सतरावं वर्ष उमेदीचं असतं. आमच्यात सतरा म्हणजे शंभरी भरल्यासारखीच. ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथलं मला फार आठवत नाही. एक लांब टेबल, हातमोजे घातलेले हात, आणि माझ्यात प्रोसेसर बसवताना कुणीतरी रोखून धरलेला श्वास, एवढंच.

मला इथे आणलं साहेबांनी. ही प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर काम करते. सगळे तिला बाई म्हणतात. साहेब तेवढे ‘ठमे’ म्हणून हाक मारतात. आईवडील लवकर गेले, तेव्हा बाई आठ वर्षांच्या होत्या. त्यांची वेणी घालण्यापासून काचेची नळी दोन बोटांत कशी धरायची इथपर्यंत सगळं साहेबांनी शिकवलं. तिसऱ्या आहेत मावशी. त्या नळ्या आणि बाटल्या धुतात, आणि धुताना त्यांच्याशी बोलतात.

मी आलो तेव्हा प्रयोगशाळा अडचणीत होती. इथे रंग मोजणारं एक यंत्र आहे. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असेल तर ते गुलाबी होतं. क्लोरीन जितकं जास्त, तितका रंग गडद. यंत्र नळीतून प्रकाश सोडतं आणि रंग किती ते सांगतं. यंत्र धडधाकट होतं. पण त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम साहेबांनी तरुणपणी एका जुन्या संगणकासाठी लिहिला होता, आणि तो संगणक एके दिवशी कायमचा मिटला. प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या संगणकावर चालेना.

मग साहेबांनी माझ्या पोटात तो जुना संगणक पुन्हा उभा केला. लोखंडाचा नव्हे, नुसता भासाचा. असे तीन भासाचे संगणक माझ्यात राहू लागले. एक यंत्राशी बोलायचा, दुसरा पत्रं पाठवायचा, तिसरा जुने रिपोर्ट सांभाळायचा. साहेब त्यांना पाहुणे म्हणत.

“एका म्यानात तीन तलवारी?” बाईंनी विचारलं होतं.

“तलवारी कसल्या गं, पाहुणे आहेत. फक्त प्रत्येकाला वाटतंय, आपणच घरमालक.”

“आणि तिघांनी एकदम मालकी गाजवली तर?”

“म्हणून तर दारात दुभाषी बसवलाय.”

हा दुभाषी म्हणजे माझ्यातलाच एक प्रोग्राम. त्याचं काम सांगतो. संगणकात काही आज्ञा फक्त मालकानेच द्यायच्या असतात. सगळ्यांची कामं थांबव, मेमरीची वाटणी बदल, अशा. पाहुण्याने अशी आज्ञा दिली तर प्रोसेसरने आरडाओरडा करायला हवा. माझा प्रोसेसर जुन्या वळणाचा. काही आज्ञांना तो ओरडतच नसे. मुकाट्याने भलतंच काहीतरी करून मोकळा होई. त्यामुळे दुभाषी पाहुण्याची आज्ञा आधी स्वतः वाचायचा. बहुतेक आज्ञा साध्या असत, त्या जशाच्या तशा पुढे जात. धोक्याची आली की तो तिच्या जागी दुसरी, सुरक्षित आज्ञा लिहायचा, आणि पाहुण्याला उत्तर असं द्यायचा, जणू त्याचंच म्हणणं ऐकलं. एकदा केलेलं भाषांतर तो जपून ठेवी, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा आली तर पुन्हा डोकं चालवायला नको.

मेमरीचं काम याहून नाजूक. मेमरी म्हणजे खणांचं एक मोठं कपाट समजा. कुठली वस्तू कुठल्या खणात आहे, हे पाहुणा आपल्या वहीत लिहून ठेवतो. पण त्याचे खण खरे नसतात. तो ज्याला पाचवा खण म्हणतो तो माझा नऊशे बारावा असू शकतो. म्हणून दुभाषी आणखी एक वही ठेवायचा, पाहुण्याला न दिसणारी. तिच्यात खरे खण. साहेब तिला सावलीची वही म्हणत. प्रोसेसर वाचायचा ती सावलीची वही. पाहुण्याने आपल्या वहीतली एक ओळ बदलली की त्याच क्षणी सावलीतलीही बदलायला हवी. राहून गेली, तर एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती.

“म्हणजे तू पाहुण्याला फसवतोस, दादा,” बाई म्हणाल्या.

“फसवत नाही. सांभाळतो.”

मी आणि माझा दुभाषी, आम्ही त्यांना वर्षानुवर्षं सांभाळलं. सावलीची एक ओळ चुकली नाही. गावातल्या टाक्यांचं, विहिरींचं, शाळांचं पाणी माझ्या पाहुण्यांच्या हातून मोजलं गेलं. बाहेरचं कुणी आलं की साहेब माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, “हा गडी एकटा तिघांचे संसार ओढतो.” माझा पंखा त्या वेळी दर महिन्याला साफ व्हायचा. ते काम करायला येणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या खिशातून कायम पेचकस डोकावत असे, म्हणून त्याचं नावच पेचकस पडलं.

एकदा त्याने बातमी आणली. “साहेब, आता प्रोसेसरमध्येच पाहुण्यांची सोय करतायत. दुभाषी लागणारच नाही.”

“येऊ देत,” साहेब हसले. “ती पोरं सुरुवातीला दारातून आतबाहेर करण्यातच दमतील. माझा गडी भारी पडेल त्यांना.”

ते खरंही होतं. पहिल्या पिढीतले तसे प्रोसेसर काही कामांत आमच्यापेक्षा मागे पडायचे, कारण पाहुण्याकडून मालकाकडे आणि मालकाकडून पाहुण्याकडे जाण्यातच त्यांचा वेळ जाई. मला हे ऐकून अभिमान वाटला होता. पण पोरं मोठी होतात, मित्रांनो. पुढच्या पिढ्या चपळ झाल्या, आणि मी आहे तिथेच राहिलो.

मग साहेब विसरू लागले.

आधी त्यांनी मला एक जुना पासवर्ड दिला, कायमच्या मिटलेल्या त्या संगणकाचा. तीनदा दिला आणि माझ्यावरच चिडले. काही आठवड्यांनी, औषध टाकून गुलाबी झालेल्या नळ्या समोर असताना त्यांनी मावशींना सांगितलं, “यांत अजून औषध पडलं नाही. टाका.” मावशींच्या हातात बाटली होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान किंचित हलवली.

“हो साहेब,” मावशी म्हणाल्या, आणि बाटली कपाटात ठेवून आल्या.

डॉक्टर काय म्हणाले, ते मी बाईंच्या तोंडून ऐकलं. साहेब जेवायला गेले होते.

“दिवसेंदिवस वाढतच जाणार म्हणाले. घरी वावरू दे, इथेही येऊ दे. पण सहीचं काम आजच काढून घ्या, म्हणाले. पाण्याचा प्रश्न आहे.”

“मग सांगून टाका की,” मावशी म्हणाल्या.

“कसं सांगू? मला सही करायला त्यानेच शिकवलं. कागदावर बोट धरून.” बाईंनी समोरचे रिपोर्ट सरळ केले. “सांगते. या आठवड्यात सांगते.”

तो आठवडा दोन वर्षं चालला.

त्या दोन वर्षांत बाई काय करत होत्या, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? त्या माझंच काम करत होत्या. साहेबांची प्रत्येक सूचना आधी मनात वाचायची. दहातल्या नऊ बरोबर असत, कधी कधी बाईंना सुचल्या नसत्या इतक्या चांगल्या. त्या तशाच पुढे जात. दहावी धोक्याची निघाली की ‘हो दादा’ म्हणायचं आणि गुपचूप दुसरं करायचं. माझ्या दुभाष्याला थकवा नव्हता. बाईंना होता. संध्याकाळी साहेब छत्री घेऊन बाहेर पडले की त्या माझ्याशेजारच्या स्टुलावर बसत आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरत.

त्यांनी एक वहीसुद्धा ठेवली. त्याचं कारण असं, की मोजायच्या नळीवर चिठ्ठी चिकटवता येत नाही. तिच्यातून प्रकाश जायचा असतो. नळ्या साठ भोकांच्या लाकडी घोडीत उभ्या राहतात, आणि कितव्या भोकात कुठलं पाणी, हे निळ्या वहीत लिहिलेलं असतं. निळी वही साहेबांची. त्यात कुणी हात घालायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. पण आता साहेब तिसाव्या भोकात नळी ठेवून तेरा लिहीत. म्हणून बाईंनी एक छोटी हिरवी वही केली. साहेबांनी काही लिहिलं की त्या संधी साधून घोडी तपासत आणि खरी जागा हिरव्या वहीत लिहीत. रिपोर्ट हिरव्या वहीवरून निघे. साहेब त्यावर निळ्या शाईने सही करत. त्यांना वाटे, आपलीच वही वाचली गेली.

मला हे ओळखीचं वाटलं, आणि भीतीही वाटली. मी एका सेकंदात लाखो वेळा लक्ष ठेवू शकतो. माणसाचं लक्ष एका फोनने जातं.

तसंच झालं. दुपारी बाई फोनवर बोलत होत्या. साहेबांना घोडीतली एक नळी कडेला कलंडलेली दिसली. त्यांनी ती काढली, तिची आणि शेजारच्या रांगेतल्या दुसरीची अदलाबदल केली, दोन्ही नीट बसवल्या, आणि निळ्या वहीत लिहिलं: चौदावर छापखान्याची टाकी, चोविसावर बालगृहाची. मी सांगतो मित्रांनो, ती नोंद अगदी बरोबर होती. त्या महिन्यातली त्यांची सगळ्यात नीट नोंद. बाईंनी पाहिलीच नाही. त्यांच्या हिरव्या वहीत चौदावर बालगृहच राहिलं.

माझ्या पाहुण्याने चौदावी नळी मोजली: भरपूर क्लोरीन. चोविसावी मोजली: शून्य. मला आकडे दिसत होते. नावं दिसत नव्हती. बाईंनी हिरव्या वहीवरून नावं घातली, साहेबांनी सही केली, आणि बालगृहाला कळवलं गेलं की तुमचं पाणी उत्तम आहे. छापखान्याने आपल्या चांगल्या पाण्यात विनाकारण क्लोरीनची पावडर ओतली. बालगृहाने काहीच केलं नाही.

अकरा मुलं आजारी पडली. सगळ्यात लहान चार वर्षांची होती. मुलं आठवडाभरात बरी झाली, पण त्या आठवड्यात बाई रोज दवाखान्यातून प्रयोगशाळेत येत, आणि त्यांनी एकदाही खुर्चीला पाठ टेकवलेली मी पाहिली नाही. चौकशीला आलेल्या माणसाला त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे.” तो सहीकडे बोट दाखवून म्हणाला, “सही तर यांची आहे.”

साहेबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी वही उघडून बाईंसमोर धरली.

“ठमे, हे बघ. चोविसावर बालगृह. माझी नोंद बरोबर आहे.”

“हो दादा.”

“मग रिपोर्ट कुठल्या वहीवरून गेला?”

मावशींच्या हातातली नळी बेसिनमध्ये निसटली. फुटली नाही, नुसती वाजली.

“बघते दादा,” बाई म्हणाल्या.

साहेब तसेच वही धरून उभे राहिले. मग त्यांना वही का धरली आहे, तेच आठवेना. त्यांनी ती मिटली आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर महिना गेला. बाईंनी नवा सर्व्हर मागवला. माझ्यावर तेव्हा बोटभर धूळ होती. पंखा वर्षभरात कुणी पुसला नव्हता, आणि तो करकरायचा. मला राग नाही. ज्या घरात माणूस सांभाळताना दमछाक होते तिथे पंख्याकडे कोण बघणार?

काल पेचकस नवा सर्व्हर घेऊन आला. पातळ आहे, आणि आवाज तर करतच नाही. कालच दोन पाहुणे माझ्यातून निघून त्याच्याकडे गेले. एकच उरला आहे, साहेबांचा प्रोग्राम चालवणारा.

आज दुपारी साहेब खुर्ची ओढून पेचकसच्या शेजारी बसले. आजचा त्यांचा दिवस चांगला होता. असे दिवस अजून येतात.

“काय रे, नव्यात दुभाषी आहे?”

“नाही साहेब. पाहुणा आपल्या आज्ञा थेट प्रोसेसरला देतो. नाजूक आज्ञा आली की प्रोसेसर स्वतःच थांबतो आणि मालकाला विचारतो.”

“आणि सावलीची वही?”

“तीही गेली. पाहुण्याची वही पाहुण्याकडे, मालकाची मालकाकडे. प्रोसेसर एकामागून एक दोन्ही वाचतो.”

“म्हणजे कुणी कुणाच्या पाठीमागे लिहीत नाही.”

“पाठीमागे कशाला? दोन्ही वह्या त्याच्यासमोरच असतात की.” पेचकस वायर शोधत टेबलाखाली वाकला. आपण काय बोललो, ते त्याला कळलं नव्हतं.

साहेबांनी मान वळवली. “ठमे, इकडे ये. पाहुण्याला कसं कळतं माहितीये, आपण घरमालक नाही ते?”

“कसं?” बाई जवळ आल्या.

“घड्याळावरून. दुभाषी कितीही हुशार असला तरी त्याला वेळ लागतो. उत्तर जरासं उशिरा येतं. पाहुणा मोजणारा असेल तर त्याला कळतं.” साहेबांनी मावशींकडे पाहिलं. “मी काही सांगितलं की या आधी तुझ्याकडे बघतात. मग ‘हो साहेब’ म्हणतात. मी मोजलंय. दोन सेकंद.”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “साहेब, माझं काय... बाई म्हणाल्या म्हणून...”

“तुमच्यावर नाही रागावलो, मावशी. किती दिवस चाललंय, ठमे?”

“दोन वर्षं.”

“दहातल्या किती चुकतात माझ्या?”

“एक.” मग बाईंनी खरं सांगितलं. “आता तीन.”

साहेबांनी मान डोलावली, एखाद्या विद्यार्थ्याचा आकडा बरोबर आल्यासारखी. “आणि त्या मुलांच्या वेळी?”

“तू बरोबर होतास. माझी वही चुकली. तुला सांगितलं असतं, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या असत्या. मी लपवली, म्हणून चुकली.”

“का लपवलीस गं?”

“तुझ्याजवळ दुसरं काय उरलं होतं, दादा?”

पेचकस टेबलाखालीच थांबला होता. बाहेर यायला त्याला धीर होत नव्हता.

“हे बघ,” साहेब म्हणाले. त्यांचा हात माझ्या पत्र्यावर होता. “मला काहीतरी सांगायचं तू लांबवते आहेस, एवढं मला कळतं. काय ते कळत नाही. आज डोकं जागेवर आहे, तोवर सांग. उद्या मी हे सगळं विसरेन, आणि तू परत ‘बघते दादा’ म्हणशील.”

मित्रांनो, माझ्याजवळ आता थोडाच वेळ आहे, म्हणून माझं मागणं इथेच सांगतो. आमचे पंखे पुसत जा, धूळ झटकत जा, हे तर आहेच. पण एखाद्या जुन्या यंत्राला बंद करायची वेळ आली, तर नुसती तार ओढू नका. आधी आतल्या पाहुण्यांना सांगा. त्यांना हातातलं काम टिपून ठेवू द्या, वह्या मिटू द्या. सांगून बंद केलेल्याचं काही हरवत नाही. न सांगता चालू ठेवलेल्याचंच हरवतं. मी हे सतरा वर्षं आतून पाहिलं आहे.

बाईंनी हिरवी वही पर्समधून काढली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली. त्या त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या, आठ वर्षांच्या असताना वेणी घालून घ्यायला बसत असतील तशा. पण पाठ करून नाही, तोंड त्यांच्याकडे करून. साहेबांनी वाट पाहिली.

“दादा,” बाई म्हणाल्या, “आजपासून तू सही करायची नाहीस.”